गंजाचे पट्टे

अण्णांच्या बंदुकीला वर्षातून एकदा आंघोळ असायची. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ओटीवर गोणपाट अंथरायचं, घासलेटची वाटी, जुन्या धोतराच्या चिंध्या आणि पॉलिश पेपर घेऊन बसायचं. कोयते, विळे, पहार, फाळ सगळं ओळीने घासून व्हायचं आणि शेवटी दुनळी. ती मात्र अण्णा स्वतः उघडायचे. नळ्या सुट्या झाल्या की एक टोक माझ्या मांडीवर यायचं. "चकचकीत झाली पाहिजे, तोंड दिसलं पाहिजे," असा हुकूम असायचा. दुसऱ्या दिवशी झेंडूच्या माळेखाली ती अशी लखलखायची की बघणाऱ्याला वाटावं, कालच दुकानातून आणली.

नळ्यांच्या खालच्या बाजूला, जिथे पुढचं लाकूड बसतं, तिथे वीतभर जागा घासायची राहून जायची. तिथे तपकिरी, नागमोडी पट्टे होते. मी एकदा विचारलं तर अण्णा म्हणाले, "गंजाचे पट्टे आहेत ते. निघत नाहीत. राहू देत, लाकडाखाली जातात."

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. तिथे बंदूक म्हणजे रानडुकरांसाठी, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. बहुतेक घरांत ठासणीची एकनळी. आमच्याकडे काडतुसांची दुनळी होती म्हणून अण्णांचा थोडा रुबाब. निवडणूक लागली की गावातल्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या. मग अण्णा ती गोणपाटात गुंडाळून एसटीने तालुक्याला घेऊन जात आणि निकालानंतर परत आणत. शेजारी बसलेल्या माणसाला ते हमखास सांगत, "लंडनची आहे." वरच्या पट्टीवर तसं इंग्रजीत कोरलेलं होतं, त्यामुळे शंका घ्यायचं कुणाला कारण नव्हतं.

पुढे नोकरीने मला बर्मिंगहॅमला आणून टाकलं. इथे गाडी न्यू स्ट्रीट स्टेशनात शिरण्याआधी बऱ्याचदा सिग्नलला खोळंबते. त्या जागेचं नाव प्रूफ हाउस जंक्शन. हे 'प्रूफ हाउस' काय प्रकरण आहे, हे कळायला मला तब्बल चार वर्षं लागली. बॅनबरी स्ट्रीटवर विटांची एक देखणी इमारत आहे आणि तिच्या दारावर रंगवलेली ढाल-शस्त्रांची आरास. १८१३ साली पार्लमेंटने कायदा करून ती उभी केली. बंदुकीच्या प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून इथे बार काढायचा. फुटली तर फुटली; टिकली तर तिच्या अंगावर शिक्का ठोकायचा. शिक्का नसलेली बंदूक विकणं हा गुन्हा. लंडनमध्ये हेच काम गनमेकर्स कंपनी त्याच्याही आधीपासून करत होती. तिची सनद १६३७ सालची. दोन्ही ठिकाणी हे काम आजही चालू आहे.

त्या इमारतीमुळे मी गन क्वार्टरमध्ये, म्हणजे बंदुका घडवणाऱ्यांच्या जुन्या वस्तीत, फिरू लागलो. स्टीलहाउस लेन, प्राइस स्ट्रीट, लव्हडे स्ट्रीट. एके काळी या गल्ल्यांत एक बंदूक पंचवीस-तीस हातांतून जायची. कुणी फक्त घोडे, म्हणजे बार पेटवायला आपटणारे छोटे हातोडे, घडवायचा, कुणी फक्त दस्त्याचं लाकूड कोरायचा, कुणी आयुष्यभर नळ्यांची आतली बाजू गुळगुळीत करायचा. अर्धवट झालेल्या बंदुका खांद्यावर टाकून पोरं या दारातून त्या दारात पळायची. १९६० च्या दशकात रिंग रोडने या वस्तीचे दोन तुकडे केले. २०११ मध्ये महापालिकेने नावच बदलून टाकलं, लोक चिडले, तीन वर्षांनी जुनं नाव परत आलं. तेवढं एक नाव वाचलं म्हणायचं, कारण कामं फारशी उरलेली नाहीत.

या गल्ल्यांतून फिरताना मला नुसतं भारून जायला जमत नाही, हेही सांगून टाकतो. इथल्या स्वस्त बंदुका पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेल्या आणि त्यांच्या बदल्यात माणसं विकत घेतली गेली. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींच्या खांद्यावरच्या बंदुकाही लंडन आणि बर्मिंगहॅमच्याच. त्या कुणावर चालल्या, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. मग १८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या कायद्याने हिंदी माणसाला बंदूक ठेवायची तर परवाना, गोऱ्याला मात्र माफी. अण्णांच्या परवान्याची ती कातडी बांधणीची वहीसुद्धा त्याच वंशातली. हे सगळं माहीत असूनही त्या नळ्यांवरून माझी नजर हटत नाही. आता त्याला काय करणार!

माझी शिकवणी झाली ती एका म्हाताऱ्या कारागिराकडे. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. पहिल्या भेटीत त्याने एक घोड्यांची दुनळी माझ्या हातात दिली आणि विचारलं, काय दिसतंय? मी अर्थातच वरच्या पट्टीवरचं नाव वाचलं. त्याने बंदूक काढून घेतली, पुढचं लाकूड उतरवलं, नळ्या सुट्या केल्या आणि पालथ्या करून माझ्यासमोर ठेवल्या. वरची बाजू गिऱ्हाइकासाठी असते, म्हणाला, खालची आपल्यासाठी.

नळ्या मागच्या टोकाला खालून सपाट केलेल्या असतात. सगळे शिक्के तिथे. त्या बंदुकीवर मुकुटाखाली आडव्या-तिडव्या राजदंडांच्या जोडीत बी, पी, सी ही अक्षरं होती. म्हणजे बर्मिंगहॅमची तपासणी, आणि तीही १९०४ च्या आधीची. शेजारी '१२ बी, १४ एम'. बारा बोर म्हणजे नळीत नेमकी बसणारी शिशाची गोळी अशी, की तशा बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरावं. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. आकडा वाढला की नळी बारीक. म्हणजे ही नळी आत बारा नंबरची आणि तोंडाशी चौदाची, पुढे आवळत नेलेली. छर्रे फार फाकू नयेत म्हणून ही युक्ती. डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर या बर्मिंगहॅमच्याच कारागिराने ती १८७४ च्या सुमारास गाजवली. पण अशा नळीतून कुणी छर्ऱ्यांऐवजी सबंध गोळी मारली तर ती आवळलेल्या तोंडात अडकून नळी फाटायची. म्हणून १८७५ पासून अशा नळ्यांवर 'गोळीसाठी नाही' असं इंग्रजीत ठोकू लागले. १८८७ मध्ये नियम बदलले आणि ते शब्द गेले. या बंदुकीवर ते होते. कागद नाही, पावती नाही, आणि तरीही बंदुकीने स्वतःच्या जन्माची बारा वर्षं आखून दिली.

मग मला नादच लागला. घोड्यांवरून काळ ओळखायचा: बार झाल्यावर घोडा आपोआप थोडा मागे येऊन थांबतो का? येत असेल तर बंदूक बहुधा १८६७ नंतरची, कारण वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन स्टॅन्टनने तो चाप-घोड्याचा खेळ त्या साली नोंदवला. घोडेच दिसत नसतील आणि यंत्र एका चौकोनी डबीत बसवलेलं असेल, तर ती १८७५ ची अॅन्सन आणि डीली यांची करामत. लंडनच्या पर्डी या नामांकित बंदूकवाल्यांच्या बंदुकीवर ऑक्सफर्ड स्ट्रीटचा पत्ता असेल तर ती दुकान साउथ ऑडली स्ट्रीटला जायच्या आधीची, म्हणजे १८८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची. माझा सगळ्यात लाडका किस्सा मात्र हेन्री जोन्सचा. चापाच्या कड्याखालून फिरणारी एक पट्टी आणि तिने घट्ट आवळल्या जाणाऱ्या नळ्या, ही त्याची १८५९ ची कल्पना. इतकी पक्की, की त्या शतकात तिच्याहून भक्कम पकड शोधायला लोकांना घाम फुटला. तीन वर्षांनी पेटंट चालू ठेवायला पन्नास पौंड भरायचे होते. भरले गेले नाहीत. कल्पना सगळ्यांची झाली आणि निम्म्या इंग्लंडने ती फुकटात वापरली. माझ्या भिंतीवर जी एकमेव बंदूक आहे तिच्यावर हीच पट्टी आहे. ती पिनफायर, काडतुसाच्या कुशीतून बाहेर डोकावणाऱ्या खिळ्यावर घोडा आपटणारी, आणि म्हणून शोभेसाठी विनापरवाना ठेवता येणारी. साधी बारा बोर कितीही जुनी असली तरी तिला इथे पोलिसांचा परवाना आणि कुलपाचं लोखंडी कपाट लागतं.

पण काळ-वेळ, शिक्के हा झाला हिशेब. मला धरून ठेवलं ते नळीच्या अंगावरच्या नक्षीने.

अशा नक्षीच्या नळीला दमास्कस नळी म्हणतात. ती ओतलेली नसते, कोरलेलीही नसते. ती वळलेली असते. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकाआड एक रचायच्या, भट्टीत पांढऱ्या होईतो तापवायच्या आणि घणाखाली एकजीव करायच्या. त्याची लांब सळई ओढायची. ती सळई पुन्हा तापवून एका टोकाला धरून पीळ द्यायचा, सुंभ वळतात तसा, अगदी दोर दिसेपर्यंत. अशा दोन किंवा तीन पिळाच्या सळया शेजारी शेजारी जोडून त्यांची चपटी फीत करायची. आणि ती फीत एका गजाभोवती, मनगटाला ओढणी गुंडाळावी तशी, कडेला कड लावून गुंडाळत न्यायची. मग पुन्हा भट्टी. लालबुंद वेटोळं उभं धरून जमिनीतल्या लोखंडी ठोकळ्यावर आपटायचं, म्हणजे कडा एकमेकींत दबून जुळतात. थोडं थोडं करत अख्खी नळी. मग आतून पोखरायची, बाहेरून कानस मारायची. मूळ लोखंडातला बराचसा भाग या खटाटोपात जळून आणि घासून संपलेला असायचा.

यानंतर नळी दिसते कशी? साधी, करड्या पत्र्यासारखी. नक्षी तिच्यात आहे पण दिसत नाही. ती दिसायला नळीला मुद्दाम गंज आणावा लागतो. तेलाचा अंशही उरणार नाही अशी ती पुसायची, वर औषधी पाणी फिरवायचं आणि रात्रभर दमट खोलीत ठेवायची. सकाळी गंजाची बारीक लव आलेली असते. तारेच्या ब्रशने ती उतरवायची, पुन्हा पाणी, पुन्हा रात्र. असे कित्येक दिवस. लोखंड आणि पोलाद सारखे गंजत नाहीत. एकाचा रंग गडद होतो, दुसऱ्याचा फिकट राहतो. पिळाच्या सळईचा मधला भाग जिथे वर येतो तिथे बारीक बारीक भोवरे उठतात. फितीच्या रुंदीत भोवऱ्यांच्या किती ओळी आहेत ते मोजायचं: दोन असतील तर दोन सळयांची, तीन असतील तर तीन सळयांची. नुसत्या तिरप्या रेघा असतील तर ती पिळाची साधी नळी. आणि ठिपक्याठिपक्यांची, जरा गढूळ दिसणारी नक्षी असेल तर थांबून बघावं. त्या जुन्या नळ्या घोड्यांच्या नालांच्या झिजलेल्या खिळ्यांपासून केलेल्या असतात. रस्त्यावर हजारो मैल आपटून, घासून चिवट झालेलं लोखंड गोळा करून वितळवण्याऐवजी पुन्हा घणाखाली घालायचं. मला हे फार आवडतं. कुठल्या टांग्याचा खिळा, कुठल्या लॉर्डच्या खांद्यावर जाऊन बसला असेल!

नावाचा घोळ मात्र जुना आहे. दमास्कसच्या ज्या तलवारींवरून हे नाव पडलं त्यांचं पोलाद बहुतांशी आपल्याकडचं, दक्षिणेत बंद मुशीत वितळवून केलेलं वूट्झ. तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांतून ते इराणपर्यंत जायचं. त्या पात्यावरची लाट, जिला फारसीत जौहर म्हणतात, ती धातू थंड होताना त्याच्या पोटातून उमलते. बंदुकीवरची नक्षी ही जोडकामाची. दिसायला बहिणी, पण घराणी वेगळी. लोहाराच्या पोटी जन्मलेल्या मायकल फॅरडेला विजेच्या आधी या वूट्झनेच झपाटलं होतं. १८१९ मध्ये त्याने त्याचं पृथक्करण छापलं.

पुढे व्हिटवर्थ या इंग्लिश इंजिनियरने द्रव पोलाद दाबाखाली घट्ट करून ओतायचं तंत्र आणलं आणि अख्ख्या पोलादाच्या सरळ नळ्या निघू लागल्या. दमास्कसच्या नळ्यांची बदनामी सुरू झाली ती तेव्हापासून. त्या फुटतात, बोटं उडवतात, वगैरे. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसने १८९१ मध्ये तऱ्हेतऱ्हेच्या नळ्यांत दारू वाढवत नेत त्यांची फुटेपर्यंत परीक्षा घेतली, तेव्हा तीन सळयांची इंग्लिश जोडकामाची नळी पार वरच्या क्रमांकावर आली. म्हणजे घडवतानाची नळी कमजोर नव्हती. पण सव्वाशे-दीडशे वर्षांत आतून खड्डे पडलेली, कुणीतरी ते काढायला पुन्हा पोखरून पातळ केलेली नळी ही वेगळी गोष्ट. त्यात जुन्या बंदुकीचं काडतुसाचं घर बहुधा अडीच इंची आणि आजची काडतुसं पावणेतीन इंची. जाताना ती बिनबोभाट आत जातात, पण बार होताना त्यांचं तोंड उघडायला जागा नसते आणि दाब भलताच चढतो. म्हणून माझा कारागीर मोजपट्टी लावून, शिक्के वाचून, गरज पडल्यास पुन्हा तपासणीला पाठवून मगच बंदुकीला 'जिवंत' म्हणतो. मी तर बार काढायच्या भानगडीत पडतच नाही. मला नळ्या टांगून बोटाच्या पेराने टिचकी मारायला आवडते. मधल्या पट्टीचं डाख पक्कं असेल तर देवळातल्या घंटेसारखा लांब नाद येतो, सुटलं असेल तर फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजतं.

एके दिवशी कारागिराने एक बंदूक समोर ठेवली. वरच्या पट्टीवर इंग्रजीत 'लंडन फाइन ट्विस्ट'. माझ्या पोटात धस्स झालं. अगदी हीच अक्षरं मी लहानपणी पॉलिश पेपरखाली बघितली होती. त्याने हसत नळ्या पालथ्या केल्या. लंबवर्तुळात ई, एल, जी. बेल्जियममधल्या लिएजचा शिक्का. स्वस्तातल्या बंदुकांवर असं काहीतरी भारदस्त लिहून त्या जगभर विकायचे, म्हणाला. लंडनला बनली असं कुठे लिहिलंय? फक्त 'लंडनचा पीळ' म्हटलंय. काही बनेल तर इंग्लिश कारखानदारांच्या नावात अक्षर फिरवून त्याच्या सावलीतलं नाव कोरत. काहींवर तर नक्षीसुद्धा खोटी, साध्या नळीवर आम्लाने छापलेली.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा अण्णा जाऊन सात वर्षं झाली होती. परवाना बापूकाकांच्या नावावर. मी बंदूक मागितली तेव्हा काकांना वाटलं फोटो काढायचाय. मी ओटीवर बसून पुढचं लाकूड उतरवलं, नळ्या पालथ्या केल्या आणि मोबाइलचा दिवा लावला. लंबवर्तुळ. ई, एल, जी. वर मुकुट, म्हणजे १८९३ नंतरची.

"काका, ही लंडनची नाही. बेल्जियमची आहे."

"गप रे. अण्णा काय खोटं बोलायचे?"

"अण्णा नाही, बंदूक खोटं बोलते. वरून."

काकांना ते पटलं नाही, आणि माझंही बोलणं अर्धंच खरं होतं, कारण तोवर माझा डोळा शिक्क्यावरून पुढे सरकला होता. लाकडाखालची ती वीतभर जागा. अण्णांचे गंजाचे पट्टे. इतक्या वर्षांच्या पॉलिश पेपरमधून सुटलेले, तेलाने काळवंडलेले, पण स्पष्ट. मी चिंधीने पुसलं आणि भिंग धरलं. फितीच्या रुंदीत भोवऱ्यांच्या दोन ओळी, एकीचा पीळ डावीकडे, दुसरीचा उजवीकडे. आम्लाने छापलेली खोटी नक्षी असती तर फितीच्या जोडाची कड दिसली नसती. इथे ती दिसत होती, बारीक करड्या डागासकट. या डागांचा तेव्हाच्या कारागिरांना भारी राग. भट्टीतला मळ जोडात अडकला की ते राहतात आणि कितीही घासा, जात नाहीत.

लिएजजवळ व्हेस्द्र नदीचं खोरं आहे. तिथल्या गावांतून घराघरांत नळ्या वळल्या जायच्या आणि त्या कच्च्या नळ्या इंग्लंडलाही जायच्या. ज्या बंदुकांवर मोठमोठी इंग्लिश नावं दिमाखात कोरलेली आहेत, त्यांतल्या कित्येकींच्या नळ्या त्या खोऱ्यातल्या. १९१४ मध्ये जर्मन सैन्य तिथे घुसलं आणि तो धंदा मोडला तो मोडलाच. तेव्हा नाव खोटं असलं तरी वीतभर नक्षी सांगत होती की कुणीतरी भट्टीपुढे उभं राहून हा पीळ नीट दिला होता.

हे सगळं मी काकांना सांगितलं. जरा जास्तच सांगितलं असावं, कारण आतून काकूने दोनदा चहा गार होतोय म्हणून हाक मारली. काका भिंग घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग नळीच्या चकचकीत भागावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"म्हणजे वरपण असंच होतं सगळं? आपण घासून घालवलं?"

"गेलं नाही. आत आहे. नक्षी आरपार असते. पुन्हा गंज चढवला की वर येईल."

"मुद्दाम गंज चढवायचा?" काकांनी माझ्याकडे असं बघितलं की विलायतेत राहून पोराचं डोकं फिरलं. मग त्यांनी नळ्या जुळवल्या, लाकूड बसवलं, पट्टे दिसेनासे झाले. बंदूक कोपऱ्यात ठेवून ते चहाला उठले आणि दाराशी थांबून म्हणाले, "मग पुढच्या नवमीला घासू की नको, तेवढं सांग."